डावीकडून येणारे

परभणीच्या बस स्टँडसमोर एक कापडाचं दुकान आहे. त्याच्या बाजूच्या अरुंद जिन्याने वर गेलं की सिद्धोधनभाऊंचं गेम पार्लर लागतं. दारातच क्रिकेटचा गेम, मग मोटारींच्या शर्यतीचे दोन, मग खेळणी उचलायचा काचेचा पेटारा. या सगळ्यांच्या मागे, चपलांच्या रॅकजवळ, अर्ध्या उजेडात एक काळं उंच धूड उभं दिसेल. त्याला दोन पिस्तुलं लटकलेली आहेत, एक लाल आणि एक निळं. मित्रांनो, ते धूड म्हणजे मी.

माझ्या कपाळावर माझं नाव होतं. त्याची निम्मी अक्षरं उडाली आणि उरलेली कोणी वाचत नाही. इथे मला सगळे मुडद्यांचा गेम म्हणतात. एका ओसाड दवाखान्यात मुडदे उठतात, हात पुढे करून चालून येतात, आणि खेळणाऱ्याने त्यांना गोळ्या घालायच्या. एवढंच माझं काम. त्यात थोर असं काही नाही हे मला ठाऊक आहे. मी कोणाला शिकवलं नाही, कोणाचं पोट भरलं नाही. आपल्या कष्टांची आणि उपकारांची गोष्ट सांगावी, असं माझ्यापाशी फार थोडं आहे. माझ्यापाशी एक लाज आहे. ती मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात, कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध पाच गोळ्या झाडून माझा नेम जुळवला, समाधानाने मान हलवली आणि माझं दार बंद केलं. माझ्या आत एका माणसाचं हसणंही भरलेलं आहे. खेळणारा मेला की ते खदखदा वाजतं. ते कोणाचं हसणं आहे, हे मला कधी कळलं नाही. तेव्हा ते मला फार ऐटबाज वाटायचं.

तिथून मी पुण्याच्या एका मोठ्या मॉलमध्ये आलो. माझ्या शेजारीच दुसरा एक नेमबाजीचा गेम होता. त्याचं नाव मोठं, पडदा मोठा, त्याच्यापुढे रांग. त्या रांगेत उभं राहून जे कंटाळायचे, ते माझ्याकडे यायचे. खेळतानाही त्यांची नजर शेजारच्या पडद्यावर असायची. पाच वर्षं मी असा दुसऱ्याच्या सावलीत काढली. मग मॉलवाल्यांनी मला काढून टाकलं, आणि सिद्धोधनभाऊंनी मला घोंगडीत गुंडाळून टेम्पोतून परभणीला आणलं. इथेही माझ्या नशिबी कोपराच आला. मुलं धावत यायची ती क्रिकेटकडे. माझ्या अंगावर त्यांची दप्तरं अडकवलेली असायची.

अशा दिवसांत रायभान आला.

रायभान बोरीचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. घराण्यातला पहिला ड्रायव्हर तोच. बोरी ते परभणी तो काळी-पिवळी जीप चालवायचा. सकाळी माणसं भरून आणायची, दुपारी स्टँडवर थांबायचं, सीटं भरली की परत. त्या मधल्या दुपारच्या वेळात तो एकदा पंख्याच्या वाऱ्याला म्हणून वर आला. सिद्धोधनभाऊंनी त्याला मोटारींच्या शर्यतीचा गेम दाखवला.

"ते नको भाऊ," तो म्हणाला. "दिवसभर तेच तर करायलोय."

मग त्याची नजर माझ्याकडे गेली. त्याने माझ्यावरची दप्तरं उचलून बाजूला ठेवली आणि लाल पिस्तूल हातात घेतलं. पहिल्याच दिवशी तो चौथ्या मजल्यापर्यंत गेला. इतका वर माझ्या दवाखान्यात कोणीच गेलं नव्हतं. मुलं क्रिकेट सोडून मागे गोळा झाली.

"लहानपणी गोफण चालवायचो," तो लाजून म्हणाला. "लांडग्यावर. ह्यो तर लयच सोपा हाय."

त्यानंतर तो रोज यायचा. एकच डाव खेळायचा, आणि जाताना माझ्या अंगावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचा. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी मुद्दाम खेळायला आलेलं नव्हतं. त्या एका थापेसाठी मी दुपारची वाट बघू लागलो.

आणि त्याच माणसाशी मी असा वागलो.

दोन वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात रायभानचा खेळ बिघडला. तो चौथ्या मजल्यावर पोचेना, मग तिसऱ्यावर पोचेना. पुढे पुढे तर पहिल्याच मजल्यावर, जिथे सात वर्षांचं पोरगंही मरत नाही, तिथे तो मरू लागला. समोरून आलेला एकही मुडदा तो सोडत नसे. उजवीकडच्यांना तर दिसताक्षणी लोळवायचा. पण डावीकडून, भिंतीच्या कडेने, एक पांढऱ्या कपड्यांतला मुडदा सावकाश चालत यायचा. अगदी सावकाश. रायभान त्याच्याकडे वळायचाच नाही. मुडदा जवळ यायचा, हात उचलायचा, पडदा लाल व्हायचा, आणि माझं ते हसणं वाजायचं.

डावीकडून कोणाला पाठवायचं हे माझ्या हाती नव्हतं. ते सगळं जन्माच्या वेळीच माझ्यात भरलेलं आहे. पण त्याच्या मरण्याचा आनंद मात्र माझा स्वतःचा होता. मी मनात म्हणायचो, बघा, मलाही जिंकता येतं! ज्याने मला सोपा म्हटलं, तो आता माझ्यापुढे टिकत नाही. तो डावीकडे का वळत नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. रोज मीच ते बघत होतो. त्याच्या घरच्यांच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर ते घडत होतं. आणि मी जिंकल्याची मजा घेत होतो.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. त्या दुपारी रायभान वर आला तो खेळायला नव्हे. त्याचा चेहरा उतरलेला होता. सोबत त्याची मुलगी होती, दैवशाला, सहावीतली. शाळा बंद म्हणून बापाबरोबर पुढच्या सीटवर बसून आलेली.

"काय झालं रायभानभाऊ?" सिद्धोधनभाऊंनी विचारलं.

"काय सांगू. बोरी फाट्यावर मुंजाजीची आई आडवी आली. कासाबाई. गाडीचा आरसा लागला हाताला. मनगट मोडलं."

"अरेरे! जास्त लागलं का?"

"आत्ता दवाखान्यात पोचवून आलो. भाजीची पाटी घिऊन एकदम पुढं आली ना. म्हाताऱ्या माणसाला गाडीचा अंदाज येत न्हाई."

दैवशाला माझ्याजवळच उभी होती. ती हळूच म्हणाली, "आप्पा, आज्जी तर कडंला उभीच होती."

"तू गप."

"न्हाई पर, खरंच उभी…"

"गप म्हणलं ना! तुला काय कळतंय?"

तिने माझ्या निळ्या पिस्तुलाची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. रायभानने पाणी मागून घेतलं आणि ते न पिताच खाली ठेवलं. मी हे सगळं ऐकलं. पण आज हा खेळत नाही, एवढंच माझ्या मनाला लागलं.

त्यानंतर तो आला की त्याचा राग माझ्यावर निघू लागला. एक दिवस तो हरला आणि पिस्तूल आदळून म्हणाला, "मालक, हे मशीन खराब झालंय. डावीकडचं नीट दावीतच न्हाई. मुडदा कवा येतो कळतच न्हाई."

मला भयंकर अपमान वाटला. मी जुना असेन, पण खोटा नव्हतो. मुलांनीही लगेच उचलून धरलं की मुडद्यांचा गेम बिघडलाय. सिद्धोधनभाऊंनी माझ्यावर 'बंद आहे' अशी पाटी चिकटवली आणि नांदेडहून कारागीर बोलावला. त्याने माझं मागचं दार उघडलं, धूळ झाडली, मग पुढे येऊन पाच गोळ्या झाडल्या. चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध. पाचही जिथल्या तिथे लागल्या.

त्या वेळी रायभान तिथेच उभा होता. सिद्धोधनभाऊ हसत म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे, रायभानभाऊ. तुमचाच नेम गेला. म्हातारे झालात!"

सगळी मुलं हसली. माझ्या आतही तो विजय फुगत होता. आता कळलं ना सगळ्यांना, चूक कोणाची ते!

रायभान हसला नाही. तो माझ्या पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने मान सावकाश डावीकडे वळवली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. त्याचा हात जिन्याच्या कठड्याकडे गेला आणि तो खाली उतरला. जाताना त्याने मला थाप मारली नाही.

तो बरेच दिवस आला नाही. या मधल्या काळात काय काय घडलं, ते मला मागाहून त्यांच्याच बोलण्यातून समजलं. कासाबाईचं मनगट वाकडं जुळलं. ती बोरीच्या बाजारात भाजी विकणारी बाई. चुका, अंबाडी, हरभऱ्याची भाजी, आणि तिच्या जुड्या एवढ्या नेटक्या की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे. नवरा गेल्यानंतर तिने पाटी डोक्यावर घेऊनच मुंजाजीला वाढवलं होतं. त्या मुंजाजीला गावाने सांगितलं, आई आता गाडीखाली येते, तिचं भान सुटलंय, तिला एकटी सोडू नको. त्यालाही ते पटलं. त्याने तिचा बाजार बंद केला. ती उंबऱ्याबाहेर निघाली की सून हाताला धरून आत आणायची. शेजारच्या बाया तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, तोडून तोडून बोलू लागल्या. आणि रायभान रोज तिच्या दारावरून गाडी नेत होता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दैवशाला त्याला ओढतच वर घेऊन आली. शाळेत पळण्याच्या शर्यतीत तिचा नंबर आला होता. बक्षीस म्हणून तिने माझ्यावरचा एक डाव मागितला होता, तोही आप्पांबरोबर. तिने निळं पिस्तूल घेतलं, रायभानने नाइलाजाने लाल घेतलं.

पहिले दोन मुडदे दोघांनी मिळून पाडले. दैवशाला उड्या मारत होती. मग तो पांढऱ्या कपड्यांतला निघाला. भिंतीच्या कडेने. सावकाश.

"आप्पा, तुमच्याकडचा!"

रायभान सरळ समोर बघत होता.

"आप्पा, मारा ना! तुमच्या बाजूचा! त्यो काय, उभाय की!"

"कुटं?"

"हे काय! हे!" तिने जाऊन पडद्यावर बोट टेकवलं. तेव्हा कुठे त्याने मान वळवली, आणि दचकून एक पाऊल मागे आला. पडदा लाल झाला. माझं हसणं वाजलं.

दैवशाला हसली नाही. तिने पिस्तूल जागेवर अडकवलं आणि बापाच्या समोर येऊन उभी राहिली. "आप्पा, माझ्या नाकाकडं बघा. मान हलवायची न्हाई." तिने आपला उजवा हात, म्हणजे बापाच्या डाव्या बाजूचा, वर केला. "किती बोटं हायत?"

"काय खेळ लावलास…"

"सांगा की. शाळेत डॉक्टर आल्ते ना, त्यांनी आमाला असंच इचारलं."

"दोन," रायभान म्हणाला.

हात पूर्ण उघडा होता. तिने मूठ मिटली. "आता?"

"चार."

तिने हात खाली घेतला. पार्लरमध्ये क्रिकेटच्या गेमचा गलका चालू होता. मग ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "म्हणजी आज्जी तुमाला दिसलीच न्हाई."

रायभान चपलांच्या रॅकवर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा माणूस असा चपलांत बसलेला मी प्रथमच पाहिला.

"किती दिवसापासून आप्पा?"

"वरीस झालं असंल," तो हातांच्या आडून म्हणाला. "आदी वाटलं थकवा हाय. मग गाडीची डावी बाजू घासायला लागली. गोठ्याचा खांब, मोरीचा कठडा. मला कळायलं होतं बाय. पर कळून घ्यायचं नव्हतं. गाडी गेली तर मी कोण? मेंढरामागं हिंडणारा. मग म्हणलं मशीन खराब हाय. म्हातारी आडवी आली. तू… तुला गप केलं."

"गाडीत रोज माणसं असतेत, आप्पा," ती म्हणाली.

त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. त्या दिवशी त्याची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने बोरीला नेली आणि तो स्वतः मागच्या सीटवर बसला, हे सिद्धोधनभाऊंनी खिडकीतून पाहून सांगितलं.

मित्रांनो, माझी लाज त्या दिवशी सुरू झाली. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला एका डावात जे दिसलं, ते मी कित्येक महिने रोज बघत होतो. कारागिराने मला निर्दोष ठरवलं तेव्हा मी किती फुगलो होतो! त्याच वेळी कासाबाई वाकडं मनगट मांडीवर घेऊन घरात बसलेली होती, आणि आपलीच चूक झाली असं येईल त्याला सांगत होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रायभानला काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेलेली. गेलं ते परत येत नाही, उरलं ते रोजच्या थेंबांनी टिकवायचं. लवकर आला असतास तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. रायभानने गाडी विकली. पण कासाबाईच्या दारात जायला त्याला आणखी तीन महिने लागले. तो तिच्या गल्लीपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. हे त्याने स्वतःच सिद्धोधनभाऊंना सांगितलं, खाली मान घालून.

एप्रिलमधल्या एका तापलेल्या दुपारी तो जिना चढून आला. त्याच्या मागे एक उंच, रागीट चेहऱ्याचा माणूस होता, तो मुंजाजी. आणि त्याच्या हाताला धरून एक सुकलेली, नऊवारीतली म्हातारी वर येत होती. कासाबाईला मी तेव्हा प्रथम पाहिलं. तिचं उजवं मनगट पंजापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं होतं.

"हितं कशाला आणलंस आमाला?" मुंजाजी म्हणाला. "दवाखान्यात मनगट दावायला आलो, तर मधीच ह्यो तमाशा."

"सकाळी सांगितलं ते तुमाला पटलं न्हाई," रायभान म्हणाला. "म्हणून आणलं."

"कसं पटंल? आई सोताच म्हणती की तिची चूक हाय. आन् तू सा म्हैन्यानं येऊन म्हणतूस तुजी हाय. लोकाला काय खेळ वाटला का?"

"माजीच हाय रे," कासाबाई मध्येच म्हणाली. "मला चांगलं आठवतंय. मी पाऊल पुढं टाकलं आन् आरसा लागला. रायभान, तू कशाला बाबा वंगाळ वाटून घितूस? लोकं माझंच चुकलं म्हणतेत ते खरं हाय. मला आता भान राहत न्हाई."

तुम्हाला समजलं असेल, मित्रांनो. सहा महिने तेच तेच ऐकून आणि सांगून तिला न टाकलेलं पाऊल आठवायला लागलं होतं.

"मावशी, तुमी फकस्त बघा," तो म्हणाला आणि त्याने लाल पिस्तूल घेतलं. सिद्धोधनभाऊंनी काही न विचारता मला सुरू केलं.

मी सुरू झालो. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आज पडदा काळाच राहिला असता तर बरं झालं असतं. समोरचा पडला. उजवीकडचा पडला. मग तो पांढऱ्या कपड्यांतला भिंतीच्या कडेने निघाला.

कासाबाईने त्याला बरोबर पाहिलं. "अरं, त्या अंगानं यायलंय बघ एक!"

रायभान समोर बघत होता.

"अरं बाबा, डावीकडं! आलं की जवळ! दिसंना का तुला?"

पडदा लाल झाला, आणि माझं हसणं वाजलं. त्या म्हातारीसमोर, त्या वाकड्या मनगटासमोर मी खदखदा हसलो. मला ते थांबवता येत नाही. कारखान्यातल्या त्या बाईने माझा नेम जुळवला, पण गप कसं बसायचं ते माझ्यात कोणी भरलं नाही.

रायभान दुसऱ्यांदा खेळला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तो सुरू झाला तेव्हा कासाबाई ओरडली नाही. ती पडद्याकडे न बघता रायभानच्या तोंडाकडे बघत होती. त्याची बुबुळं कुठे आहेत, मान कुठे आहे, ते न्याहाळत होती. माझं हसणं तिसऱ्यांदा वाजून संपलं.

"म्हंजी मी उभीच होते," ती म्हणाली.

"मुंजाजी, मी कडंलाच उभी होते. पाटी खाली ठिवली होती मी. हां. पाटी पायापाशी होती, डोक्यावर नव्हती. डोक्यावर पाटी नसताना मी रस्ता कशाला वलांडू?" तिचा आवाज चढत गेला. "मला भान होतं! सगळं भान होतं मला!"

मुंजाजी एकदम पुढे झाला आणि त्याने रायभानची कॉलर धरली. रायभानने हात वर केला नाही. पण मुंजाजीनेच थोड्या वेळाने कॉलर सोडली. त्याचं तोंड काळवंडलं होतं. आईचा बाजार त्याने स्वतः बंद केला होता, हे त्याला त्या क्षणी आठवलं असणार.

"आई…" तो म्हणाला.

"तुज्याशी मी घरी बोलंन," कासाबाई म्हणाली. मग ती रायभानकडे वळली. "मनगटाचं मला काय वाटत न्हाई. हाडं मोडतेत, जुळतेत. पर सा म्हैने सुनंनं मला हाताला धरून संडासला नेलं रे. मी येडी हाय म्हणून. आन् मी बी म्हणलं, आसंल."

"मावशी, पाया पडतो…"

"पडू नको. मला पाया पडून काय व्हतंय? बोरीत सगळ्याला ठावं हाय की कासाबाई आडवी आली. ते मी कुणाकुणाला सांगत हिंडू? तू सांगायचं. बाजारच्या दिवशी, माज्या पाटीपाशी उभं ऱ्हाऊन. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं."

"सांगतो," रायभान म्हणाला.

"आन् माफी बिफी मला इचारू नको. ते मी बघंन, कवा वाटंल तवा."

ती जिन्याकडे निघाली. मुंजाजी हात धरायला पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि डाव्या हाताने कठडा धरून एकटी खाली उतरली.

पुढचं मला दैवशालाकडून कळलं. बापाचे थेंब न्यायला ती त्याच्याबरोबर परभणीला येते, तेव्हा दोघं वर चक्कर टाकतात. तिने ते सिद्धोधनभाऊंना सांगितलं आणि मी ऐकलं. बाजारच्या दिवशी रायभान कासाबाईच्या पाटीशेजारी उभा राहिला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला: चूक माझी होती, मला दिसत नव्हतं आणि मी खोटं बोललो. काहींनी शिव्या दिल्या. ज्यांची लेकरं त्याच्या गाडीतून शाळेला जायची, त्यांतल्या एका बाईने त्याच्या अंगावर मूठभर माती टाकली. तो उभाच राहिला. कासाबाई शेजारी बसून जुड्या बांधत होती. तिने वर पाहिलं नाही, पण तो जायला वळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "डावीकडं दगुड हाय, बघून जा." तिने त्याला माफ केलं की नाही, ते दैवशालालाही माहीत नाही.

रायभान आता भावाबरोबर मेंढरामागे जातो. कासाबाई दर बाजाराला असते. रायभान माझ्यासमोर आला की क्षणभर थांबतो, पण पिस्तूल हातात घेत नाही, आणि मलाही त्याने घ्यावं असं वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं गोष्टीच्या शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवतात. मी ते मागणार नाही. माझा पडदा हिरवट होत चालला आहे, एक दिवस सिद्धोधनभाऊ मला भंगारात देतील, आणि त्यात काही वाईट नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कोणीतरी असं असेल जे अलीकडे सारखं हुकतं. ज्याच्या हातून पेला पडतो, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, ताटाच्या एका बाजूची भाजी तशीच राहते. त्याला हसू नका. तो रागावून दुसऱ्या कोणाला दोष देत असेल, तर लगेच ते खरंही मानू नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि हळू आवाजात विचारा, "तुम्हाला नीट दिसतंय ना?" आणि एखादं लहान मूल म्हणालं की मी वेगळं पाहिलं, तर त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका.

मला फक्त हसता येत होतं. तुम्हाला विचारता येतं.